खालच्या बांधीचं पाणी

आमच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या ओट्यापाशी, तेलाच्या डब्याच्या वर भिंतीला एक चित्र चिकटवलेलं होतं. आमच्या बालाघाटच्या एका खताच्या दुकानदारानं फुकट वाटलेल्या कॅलेंडरचं पान. बारा महिन्यांना बारा देश असं काहीतरी त्या भल्या माणसाच्या डोक्यात आलं होतं. वर्ष संपलं, अकरा देश रद्दीत गेले. हे एक पान तेवढं बायकोनं कात्रीनं कापलं, खालच्या तारखा काढून टाकल्या अन कणकेच्या खळीनं भिंतीला लावलं. डोंगराच्या उतारावर एकाखाली एक दगडी पायऱ्या, एकेक इतकी रुंद की तिच्यावर शेत व्हावं. वर छप्पर नसलेल्या दगडी खोल्या. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, इंका लोकांचे अवशेष, पेरू.

मी भूगोलाचा मास्तर. हिंदी शाळेत, हिंदीत, जन्मभर. नकाशावर छडी टेकवून अँडीज पर्वत मी इतक्या वेळा दाखवला की नकाशाला तिथं भोक पडलं. स्वतः मात्र नागपूर अन जबलपूर यांच्या पलीकडं कधी गेलो नाही. मराठी आमच्या घरातली भाषा. खरं सांगायचं तर घराचीही नाही, तिची. ती लालबर्ऱ्याच्या अलीकडच्या एका गावची, धान पिकवणाऱ्या घरातली. माझ्याशी, पोरीशी, भाजीवालीशी, फोनवर चुकून लागलेल्या बँकवाल्याशीसुद्धा ती मराठीतच बोलायची. समोरचा हिंदीत उत्तर द्यायचा, ही आपली मराठीत पुढं. कोणाचं काही अडलं नाही.

ते चित्र हातात आलं त्या दिवशीच ती म्हणाली, "अजी, हे तर बांध्या आहेत."

आमच्याकडं धानाच्या शेताच्या एकेका तुकड्याला बांधी म्हणतात. चारी बाजूंनी मातीचा धुरा, आत पाणी, पाण्यात धान. मी म्हटलं, "हौ, तसंच समज."

"पण पाणी कुठून काढत असतीन?" तिनं चित्राला नाक लावलं. "धुरा तर कुठीच फोडलेला दिसत नाही."

हा प्रश्न धानवाल्यांनाच पडायचा. पाऊस जास्त झाला की बांधीचा धुरा एका जागी फोडून पाणी खाली सोडावं लागतं. नाही सोडलं तर पाणी आपली वाट आपणच काढतं, अन जाताना धुरा, माती, धान सगळं घेऊन जातं. तिच्या वाटणीला माहेरच्या दोन बांध्या आल्या होत्या, वरची अन खालची. तिचा धाकटा भाऊ त्या वाहत होता. खालच्या बांधीचा नाल्याकडचा कोपरा दर सालच्या पावसात फुटायचा, अन दर साली ही बसनं जाऊन भावाबरोबर चिखलात उभी राहून तो बांधून यायची. तेव्हा तिला तो प्रश्न पडला, यात नवल काहीच नव्हतं.

आता माझी एक वाईट खोड सांगून टाकतो. कोणी काही विचारलं अन मला उत्तर येत नसलं, की मी तडकतो. वर्गातली पोरं हे ओळखून होती. मास्साब खवळले म्हणजे त्यांना माहीत नाही, असा त्यांचा हिशेब होता अन तो बरोबर होता. बायकोनं चार-पाच वेळा विचारलं. भाजी चिरता चिरता, कुकरच्या शिट्टीची वाट पाहताना. मी दर वेळी काहीतरी सांगून उडवून लावलं. ती म्हणायची, "मले तिकडं जायाचं नाही, बाप्पा. पाणी कुठून जाते तेवढं सांगा न."

एका दिवाळीत शाळेतले तिघे-चौघे मास्तर फराळाला आले होते. एकानं चित्राकडं बोट केलं अन मला तेवढंच पाहिजे होतं. मी सुरू झालो. सोनं, सूर्याची पूजा, चुन्याशिवाय बसवलेले दगड, दोन दगडांच्या मध्ये चाकूचं पातं जात नाही, वगैरे. ती चिवड्याचं ताट घेऊन दारात उभी राहून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "अन पाणी?"

मी म्हटलं, "घ्या! ज्या लोकांनी सूर्य मोजला त्याहिले आता लालबर्ऱ्याची बाई पाणी काढाले शिकवणार."

सगळे खो खो हसले. तीही हसली, पदर तोंडाला लावून, अन चहा आणायला आत गेली. त्यानंतर तो प्रश्न तिनं मला पुन्हा कधी विचारला नाही.

मला वाटलं, विसरली. पुढं दोन उन्हाळे ती माहेरी जरा जास्तच राहिली. हाताला फोड घेऊन परत आली तेव्हा मी चिडवलं, "माहेरी पाहुणी म्हणून जाते का मजूर म्हणून?" ती म्हणाली, "दोन्ही." चित्राच्या डाव्या कोपऱ्यात, खाली, एका पायरीची भिंत थोडी ढासळलेली दिसते. तिथं हळदीच्या बोटाचा डाग होता. एकच बोट, पुन्हा पुन्हा त्याच जागी लागून पक्का झालेला. फोडणी देताना लागत असेल, असं मला वाटायचं. बोटाला तीच एक जागा कशी सापडते, हे मी कधी स्वतःला विचारलं नाही.

मग ती आजारी पडली. नागपूरच्या दवाखान्यात तीन आठवडे होती. एका दुपारी तिनं विचारलं, "रोवणा झाला काय?" म्हणजे धान लावून झालं का. मी म्हटलं, झाला. म्हणाली, "मंग पाऊस आहे तवर एकदा जाऊन खालची बांधी पाहून या." मी तिच्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, सगळं ठीक आहे भाऊजी. मी तिला सांगितलं, ठीक आहे म्हणे.

"ठीक आहे ते मले माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही पाहा."

"पाहीन, पाहीन. तू आधी बरी हो."

ती बरी झाली नाही.

तिच्यामागं घरातली मराठी गेली. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. दूधवाला हिंदी, शेजारी हिंदी, पोर अमेरिकेतून फोन करते तीही हिंदी: "पापा, खाना खाया? गोली ली?" पोर आईशी मराठी बोलायची, तीसुद्धा आईनं दटावलं म्हणून. दिवसचे दिवस मी मराठीचा एक शब्द ऐकत नव्हतो. कधी स्वयंपाकघरात चहा ठेवून मीच म्हणायचो, "अवं, साखर कुठी ठेवली?" साखर समोर असायची. मला साखर नको होती, उत्तर पाहिजे होतं.

पुढच्या हिवाळ्यात रंगारी आला. त्यानं ओट्यामागची भिंत खरवडायला घेतली अन मी असा ओरडलो की बिचाऱ्याच्या हातातली पत्री पडली. मग मीच ब्लेडनं, काठाकाठानं, ते चित्र सोडवलं. तासभर लागला. हातात धरून खिडकीपाशी नेलं अन हळदीचा तो डाग पाहिला, तेव्हा दारातून आलेला तिचा आवाज आठवला. अन पाणी? माझं डोकं फिरलं. तीस वर्षं मी पोरांना प्रश्न विचारायला शिकवलं, अन घरात एकीनं एकच विचारला तर चार माणसांत तिचं हसं करून तिला आत पाठवलं.

पोरगी कधीपासून तिकडं बोलावत होती. या खेपेला तिनं सहज म्हटलं, "पापा, यहाँ से पेरू चल सकते हैं." मी हो म्हटलं, अन इतक्या लवकर म्हटलं की ती घाबरली. मला अवशेष पाहायचे नव्हते. मला तिचा प्रश्न विचारून यायचं होतं. तिच्या वतीनं, जिथं विचारायचा तिथं, अन चार लोकांसमोर.

मे महिन्यात गेलो. माचू पिचूला जायची मोठी वाट चार दिवसांची आहे. ती पोरीनं माझ्या वयाकडं पाहून आधीच खोडून टाकली. दुसरी एक छोटी वाट एका दिवसाची, अन पोरीनं इंटरनेटवर जुळवून पाहिलं तर चित्रातली जागा हिच्यावरच होती. सकाळची रेल्वे नदीच्या काठाकाठानं जाते अन मध्येच, स्टेशन नसलेल्या जागी, मिनिटभर थांबते. आम्ही उतरलो, गाडी गेली. खाली नदी आदळत होती. आमची वैनगंगा पसरून, दमानं चालते. हिला कुठं जायची एवढी घाई होती कोण जाणे. एक झुलता पूल ओलांडला, चौकीवर पासपोर्ट दाखवले अन तिथं आमची वाटाडी भेटली.

वाटाड्याशिवाय त्या वाटेनं सोडत नाहीत. ही बाई पन्नाशीची, बुटकी, दोन वेण्या, डोक्यावर हॅट. आम्ही बाप-लेक अन चार गोरी तरुण मंडळी, एवढी तिची टोळी. तिनं इंग्रजीत नियम सांगितले. वरच्या अवशेषांपाशी दुपारच्या आत पोहोचायचं. जो पोहोचणार नाही त्याला ती मध्यावरून मदतनिसाबरोबर खाली पाठवणार. हे म्हणताना तिनं माझ्या गुडघ्यांकडं पाहिलं. तो कॅलेंडरातला डोंगर वर होता, अन मी खालून परत गेलो तर प्रश्न तसाच राहणार होता.

चढण सरळ उन्हात. पहिल्या अर्ध्या तासात मी मास्तरकी केली. ती इंकांच्या राज्याबद्दल काही सांगायला लागली की मी मध्येच पुरवणी जोडायचो. ती ऐकून घ्यायची. शेवटी म्हणाली, "ताइता, बोलण्यात श्वास जातो." ताइता म्हणजे त्यांच्यात बाप. गोरी पोरं हसली. मी गप्प बसलो, अन नंतर बोलायला श्वासही उरला नाही. दहा पावलं टाकायची, थांबायचं. पुन्हा दहा. गुडघे कुरकुरत होते अन तोंडाला कोरड पडली होती. एका वळणावर पोरीनं माझा दंड धरला.

"पापा, बस हो गया. यहीं से देख लो. फोटो में सब दिखता है."

"फोटोत दिसलं असतं तं इतक्या लांब काहून आलो असतो?" मी म्हटलं. मराठीत म्हटलं. तिनं माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली अन म्हणाली, "चला मंग." आईच्या सुरात. मला चालायला तेवढं पुरलं.

पाणी प्यायला थांबलो की वाटाडी बाटलीतलं पाणी आधी थोडं जमिनीवर सोडायची, मग स्वतः प्यायची. धरणीला पहिलं, म्हणाली. आमची ही धुऱ्यावर बसून शिदोरी सोडायची तेव्हा पहिला घास मातीला द्यायची. मी तेव्हा नाक मुरडायचो. आता मी माझ्या बाटलीतलं थोडं सोडलं, कोणी पाहत नाही असं पाहून. पोरीनं पाहिलंच.

दुपार व्हायला थोडाच अवकाश असताना झाडी संपली अन ते समोर आलं. एकाखाली एक, वळणदार, हिरव्यागार पायऱ्या. वरती बिनछपराच्या खोल्या. माझ्या स्वयंपाकघराची भिंत. खाली तेलाचा डबा तेवढा नव्हता. मी उभा राहिलो अन मला रडू फुटलं, अगदी आवाज करून. लाज वाटली नाही. पोरगी पाठीवरून हात फिरवत राहिली. बाकीचे लोक फोटो काढत होते.

मग मी कामाला लागलो. खिशातून चित्र काढलं, डावा कोपरा पाहिला, ढासळलेली ती भिंत शोधली. सापडली, दोन पायऱ्या खाली, जरा पलीकडं. अन माझ्या हातून ते झालं जे आमच्या मुलखातल्या कोणाच्याही हातून झालं असतं. धानाच्या शेतात माणूस शेतातून चालत नाही, धुऱ्यावरून चालतो. लहानपणापासून पायांना तीच सवय. समोर बांधी अन तिचा दगडी धुरा दिसला, अन माझे पाय आपोआप धुऱ्यावर चढले. एकामागं एक पाऊल टाकत, हात पसरून, मान खाली घालून मी निघालो. पाणी काढायची जागा कुठं दिसते का ते पाहत.

शिट्टी वाजली. अशी कर्कश की नदीपर्यंत गेली असेल. पहारेकरी हातवारे करत होता, पोरगी "पापा! पापा!" ओरडत होती, अन वाटाडी धावत आली. माझ्या उजव्या बाजूला पुरुषभर खोल होतं, ते मी तेव्हा पाहिलं. तिनं मनगट धरून मला खाली उतरवलं. चेहरा लाल झाला होता. त्या भिंतीवर चढायची सक्त मनाई, माणूस पडतो, दगड निखळतात, तिचा परवाना जातो. वाचता येत नाही का तुम्हाला, तिनं विचारलं. सगळे जमा झाले होते. चार लोकांसमोर विचारायचं होतं ना, घ्या.

"मी पाणी कुठून जातं ते पाहत होतो," मी म्हटलं.

"काय?"

"पाऊस पडल्यावर. या भिंतींना कुठं फोड नाही, मोरी नाही. मग पाणी कुठून जातं?"

तिचा राग थांबला. मनगट तिनं सोडलं नव्हतं, पण पकड सैल झाली. "इतकी वर्षं मी लोकांना इथं आणते," ती म्हणाली. "सोनं कुठं गेलं ते विचारतात. माणसं कुठं गेली ते विचारतात. हे कोणी विचारलं नव्हतं. तुम्ही शेतकरी?"

"मी नाही. माझी बायको. प्रश्न तिचा आहे."

मी तिला चित्र दाखवलं. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं. हळदीच्या डागावर तिची नजर थांबली. "हा डाग कसला?"

"तिच्या बोटाचा."

तिनं सगळ्यांना त्या ढासळलेल्या भिंतीपाशी नेलं, दोरीच्या अलीकडं उभं केलं. आतलं उघडं पडलं होतं. वर हातभर काळी माती. तिच्याखाली रेती. रेतीखाली मुरमासारखी बारीक खडी, अन सगळ्यात खाली मोठे गोटे. वाटाडीनं आपल्या बाटलीतलं पाणी वरच्या मातीवर ओतलं. पाणी थांबलं नाही, आत गेलं. पाऊस असाच आतल्या आत उतरतो, तिनं सांगितलं. मातीतून रेतीत, रेतीतून गोट्यांत, तिथून खालच्या पायरीत, असं करत करत नदीला. भिंतीला जोर लागतच नाही. म्हणून ती शेकडो वर्षं उभी. तिचा बापही खाली दरीत मक्याच्या शेताला असेच गोटे भरायचा.

"तिनं बरोबर जागी बोट ठेवलं आहे," ती म्हणाली. "ही भिंत ढासळली नसती तर आतलं कोणालाच दिसलं नसतं. कुठं आहे ती?"

"घरी," मी म्हटलं. "बालाघाटला."

मी खोटं बोललो नाही. तोंडून तसंच निघालं. पोरगी पलीकडं तोंड करून उभी राहिली. वाटाडी म्हणाली, तिला माझा नमस्कार सांगा.

पुढं संध्याकाळच्या आधी आम्ही सूर्यदार म्हणतात त्या खिंडीपर्यंत गेलो. तिथून माचू पिचू सगळं एकदम दिसतं. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. खूप वेळानं फोनला रेंज आली, अन सगळ्यांनी आपापल्या माणसांना फोन लावले. माझं बोट सवयीनं तिच्या नंबरावर गेलं. तो फोन माझ्याच कपाटात बंद पडलेला आहे, हे बोटाला काय माहीत. उत्तर मिळालं होतं, मुठीत गच्च धरून बसलो होतो, अन सांगायचं ज्याला ते माणूस नाही. त्या जगप्रसिद्ध जागेकडं पाठ करून मी एका दगडावर बसलो. पोरगी शेजारी येऊन बसली. म्हणाली, "मले सांगा, पापा. मी ऐकतो." अन मी तिला पहिल्यापासून सांगितलं, गोटे, खडी, रेती, माती. ती ऐकत राहिली. पण ती धानात कधी उतरली नव्हती.

परत आल्यावर पोरीनंच फोनवर सुचवलं, "मामा को बताओ ना, उनके काम आएगा." मला पटलं. दर साली फुटणारा तो कोपरा. तिचं उत्तर तिच्या शेताला तरी द्यावं. श्रावणात एक दिवस पावसानं जरा उघडीप दिली तशी मी लालबर्ऱ्याची बस धरली अन फाट्यावर उतरलो. तिचा भाऊ घ्यायला आला होता. दोघं चपला हातात घेऊन धुऱ्याधुऱ्यानं खालच्या बांधीवर गेलो. आठ दिवस झोडपून पाऊस झाला होता. बांध्या काठोकाठ भरलेल्या.

धुऱ्यावर उभा राहून मी चित्र काढलं अन भाषण दिलं. मास्तर तो मास्तर. इंका, मका, डोंगर, अन मग मुद्दा: सगळ्यात खाली मोठे गोटे, त्यावर खडी, त्यावर रेती, त्यावर माती. "या कोपऱ्यात तसं भरलं," मी म्हटलं, "तं धुरा फुटणार नाही."

तो घाबरत, मोठ्या माणसाची चूक दाखवावी तसं, म्हणाला, "भाऊजी, सगळं पाणी गेलं तं धान कशात राहीन?"

मी चित्राकडं पाहिलं. ते लोक मका लावत होते, अन मक्याला साचलेलं पाणी नको असतं. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"अन कोपरा फुटतच नाही आता," तो म्हणाला. "बाईनं केलं न तिथं. पाहा."

आपल्या थोरल्या बहिणीला तो बाई म्हणतो. नाल्याकडच्या उतारावर त्यानं मला नेलं. धुऱ्याच्या बाहेरच्या अंगाला, अर्ध्या उंचीवर, गोटे नीट रचलेले होते, अन त्यांच्या फटींतून पाणी निघत होतं. निवळ पाणी. त्यात मातीचा कण नव्हता. "खालची वीतभर जागा बाईनं चिकणमातीची ठेवली," तो सांगायला लागला. "गोटे त्याच्या वर. मोठे, मंग लहान, मंग रेती. वीतभर पाणी धानाले राह्यते, वरचं तेवढं जाते. दोन उन्हाळे लागले. मी खणत होतो, बाई नाल्यातून गोटे निवडून आणत होती. पहिल्या खेपेले चुकलं. सगळं उकरून पुन्हा केलं."

दोन उन्हाळे. हाताला फोड. मी धुऱ्यावर खाली बसलो.

"मले काहून नाही सांगितलं तिनं?"

"म्हणे, एक पावसाळा टिकू दे. फुटलं तं ते हसतीन."

"अन टिकला तेव्हा?"

"तेव्हा बोलावलं होतं न तुम्हाले. पोळा झाल्यावर. बाई आधल्या दिवशीच आलती. त्या दिवशी सकाळपासून इथंच बसून होती, ह्या गोट्यावर. थरमासमध्ये चहा आणलता. म्हणे, ते बसनं येतीन, त्याहिले पाणी दाखवाचं आहे. तिसरी बस गेली तवर वाट पाह्यली. मंग म्हणे, काही काम निघालं असंल."

पाणी फटींतून पडत होतं. मी हात पुढं करून ओंजळ त्याखाली धरली. थंड होतं. दवाखान्यात तिनं मला घरापासून अर्ध्या तासाच्या बसच्या वाटेवर जायला सांगितलं होतं, अन मी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला गेलो.

त्या दिवशी मला काय काम निघालं होतं, ते मी खूप आठवून पाहिलं. अजून आठवून पाहतो. कोणाची बदली, कोणाचं लग्न, मॅच, की नुसतंच ऊन होतं म्हणून निघालो नाही. ती बोलावून गेली होती हेसुद्धा आठवत नाही. संध्याकाळी ती घरी आली असेल, थरमास धुऊन पालथा घातला असेल, स्वयंपाकाला लागली असेल. ती काही बोलली का, ते आठवत नाही. मला तो दिवसच आठवत नाही.

तिच्या भावाला म्हटलं, तू घरी जा, मी येतो. मग त्या गोट्यावर जाऊन बसलो. फाट्यावरून एक बस गेली, मग दुसरी. तिसरी जाईपर्यंत मी तिथंच बसून होतो.